गोळी तीच, गाठ कोणती?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काढलेली गाठ पॅथॉलॉजीकडे जाते. तिचे तुकडे मेणात बसवून छोटे ठोकळे करतात. आपल्याकडे सगळे त्यांना 'ब्लॉक' म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला निघालेले नातेवाईक फाइलसोबत हे ब्लॉक एखाद्या डबीत जपून नेतात. अ‍ॅस्पिरिनने हा कॅन्सर परत येणं टळतं का, या जुन्या वादाचं उत्तर याच मेणात दडलेलं होतं.

अ‍ॅस्पिरिन, म्हणजे घरोघरी असते ती 'रक्त पातळ करायची गोळी', दाह कमी करते कशी? शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होण्याची वाटच ती अडवते. हे उलगडून दाखवणाऱ्या जॉन वेन यांना 1982 मध्ये नोबेल मिळालं. यातलंच एक रसायन, प्रोस्टाग्लँडिन ई२, आतड्यातल्या कॅन्सरच्या पेशींना जगायला आणि वाढायला मदत करतं. मग गोळी दिली की कॅन्सर परत येऊ नये, असं वाटणं साहजिक होतं. पण भारतासह अनेक देशांत झालेल्या 'एस्कोल्ट' चाचणीत सुमारे दीड हजार रुग्णांना तीन वर्षं रोज 200 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली, तेव्हा दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

फक्त, त्या चाचणीत गाठ कोणती आहे हे कुणी आधी पाहिलं नव्हतं.

खूण 2012 सालीच सापडली होती. बोस्टनच्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या 964 रुग्णांच्या गाठी तपासल्या. ज्यांच्या गाठीत पीआयके३सीए या जनुकात बदल होता, त्यांपैकी निदानानंतर नियमित अ‍ॅस्पिरिन घेणारे 62 जण होते; पाच वर्षांत त्यातले 2 कॅन्सरने गेले. न घेणाऱ्या 90 पैकी 23 गेले. बदल नसलेल्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. हे जनुक पेशीला 'वाढ' असा निरोप देणाऱ्या यंत्रणेतलं. ते बिघडलं की निरोप थांबतच नाही, आणि त्या यंत्रणेचा प्रोस्टाग्लँडिनशी घट्ट संबंध असावा असं मानलं जातं. पण आकडे कितीही बोलके असले तरी ही फक्त निरीक्षणं होती. गोळी कुणी घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं.

ती कसर स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या 33 रुग्णालयांनी भरून काढली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या सर्जन आना मार्टलिंग यांच्या नेतृत्वाखालच्या 'अलास्का' चाचणीत साडेतीन हजार रुग्णांच्या गाठींची जनुकीय तपासणी झाली. 37 टक्क्यांमध्ये या यंत्रणेतला बदल सापडला. त्यांतल्या 626 जणांना ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज 160 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा खोटी गोळी मिळाली. 2025 मध्ये निकाल आला. पीआयके३सीएमधले ठरावीक बदल असलेल्यांत तीन वर्षांत कॅन्सर परत आला तो खोट्या गोळीवर 14.1 टक्क्यांमध्ये, अ‍ॅस्पिरिनवर 7.7 टक्क्यांमध्ये. जवळपास निम्म्यावर! काही रुपयांत पट्टी मिळणाऱ्या औषधाने हे साधावं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

दाह कमी करणाऱ्या सेलेकॉक्सिबचंही असंच झालं. एका चाचणीत सरसकट दिल्यावर ठोस फायदा दिसला नाही. पुढे त्याच चाचणीतल्या रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा ऑपरेशननंतरही ज्यांच्या रक्तात गाठीच्या डीएनएचे तुकडे फिरत होते, त्यांच्यात फायदा दिसला. हे विश्लेषण नंतर केलेलं आहे, त्यामुळे त्याचं वजन 'अलास्का'इतकं नाही.

कृपा करून हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी सुरू करू नका. 'अलास्का'त गंभीर त्रास झाले ते अ‍ॅस्पिरिनवर 16.8 टक्के जणांना, खोट्या गोळीवर 11.6 टक्के जणांना. अ‍ॅस्पिरिनने पोटात, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय ज्यांच्या गाठीत बदल नव्हता त्यांना या चाचणीत गोळी दिलीच नव्हती.

डॉक्टरांना विचारायचं ते इतकंच: "गाठीची पीआयके३सीए तपासणी झाली आहे का?" झाली नसेल, तर ती बहुतेक वेळा त्या मेणाच्या ब्लॉकमधूनच करता येते. त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ब्लॉक मात्र हरवू देऊ नका.