आरोग्य आणि एआय संशोधन: एथिक्स कमिटीकडून अर्ज परत का येतो?

आरोग्य, समाज आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांना एकत्र आणणारे प्रकल्प आता संगणकशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र अशा विभागांतूनही येऊ लागले आहेत. त्यांतले अनेक अर्ज एथिक्स कमिटीकडून, म्हणजे माणसांवरील संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीकडून, परत येतात, आणि बहुतेक वेळा दोष संशोधनात नसतो. एखादे पत्र राहिलेले असते किंवा अर्जच उशिरा आलेला असतो. अर्जदारांची ही दमछाक जवळून पाहिल्यामुळे सोप्या पायऱ्या थोडक्यात सांगून अडणाऱ्या जागांविषयी सविस्तर लिहीत आहे.

'आमच्याकडे रुग्ण नाहीत, फक्त डेटा आहे' हा समज सर्वांत महाग पडतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे माणसांकडून मिळालेल्या नमुन्यांना आणि माहितीलाही लागू होतात. ओळख पटणार नाही अशा, सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेल्या डेटावरील कामाला पुनरावलोकनातून सूट मिळू शकते. पण ती सूट संशोधकाने स्वतःच गृहीत धरायची नसते, समितीकडे अर्ज करून मागायची असते. तुमच्या संस्थेची स्वतःची समिती नसेल, तर सामंजस्य करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येते. ती समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, एवढे आधी पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट वेळेची. माहिती गोळा केल्यानंतर मागाहून मंजुरी मिळत नाही. भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन, प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली असताना येणारे विद्यार्थी पाहिले की फार वाईट वाटते, कारण त्या टप्प्यावर त्यांच्यासाठी कोणालाच काही करता येत नाही. सूचनेत छापलेली तारीख बैठकीची आहे की अर्ज स्वीकारण्याची, हेही नीट वाचावे; अर्ज बैठकीच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो आणि ही मुदत प्रत्येक समितीच्या कार्यपद्धतीत वेगळी असते.

आता अर्जदारांच्या फायलीत हमखास नसणारा कागद: डेटा ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर तोंडी होकार देतात आणि अर्जदार निर्धास्त होतो, पण समितीला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे किंवा रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांचे पत्र हवे असते. तिथे गेल्यावर सांगतात, 'आधी एथिक्सची मंजुरी आणा.' समिती म्हणते, 'आधी परवानगी आणा.' या दोन टेबलांमध्ये विद्यार्थ्यांचे महिने जातात, आणि ही कोंडी फोडण्याची जबाबदारी कोणतेही कार्यालय स्वतःहून घेत नाही, याचा मनापासून संताप येतो. यावर उपाय म्हणजे 'एथिक्स कमिटीच्या मंजुरीच्या अधीन राहून तत्त्वतः परवानगी' असे शब्द असलेले पत्र मागणे. पत्राचा मसुदा स्वतःच तयार करून न्यावा. सही लवकर मिळते.

संमतीपत्र ही चौथी अडचण. इंग्रजी मसुद्याचे यंत्राने केलेले मराठी भाषांतर जोडले, तर ते परत येणारच. मेळघाटात काम असेल तर कोरकू बोलणाऱ्या माणसाला ते कसे समजावणार, हेही लिहावे लागते. वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो. ग्रामपंचायतीची किंवा पाड्यातील प्रमुखाची परवानगी घेणे योग्यच आहे, पण तिने व्यक्तीच्या संमतीची जागा भरून निघत नाही. सहभागी अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची संमती आणि वयानुसार मुलाचीही सहमती घ्यावी लागते: 7 ते 12 वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी.

आयसीएमआरने 2023 मध्ये आरोग्यक्षेत्रातील एआयसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आणली, त्यामुळे समितीचे प्रश्नही बदलले आहेत. प्रशिक्षणाचा डेटा, म्हणजे एआयला ज्यावरून शिकवले ती माहिती, कोणत्या लोकसमूहातून आला, अंतिम निर्णय डॉक्टर घेणार की यंत्र, चूक झाल्यास जबाबदार कोण, माहिती कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, याची उत्तरे प्रस्तावातच असावीत. नाव काढले की ओळख पुसली जाते असे समजू नये. चाळीस घरांच्या पाड्यात वय आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. एकदा मॉडेल प्रशिक्षित झाले की त्यातून एखाद्याची माहिती वेगळी काढणे अवघड असते, म्हणून सहभागातून कोणत्या टप्प्यापर्यंत माघार घेता येईल, हे संमतीपत्रात साध्या शब्दांत सांगावे.

बाकी कागद नेहमीचे: संशोधन आराखडा, प्रश्नावली, संशोधकांचे परिचयपत्र, मार्गदर्शकाची सही, अंदाजपत्रक. परदेशी निधी किंवा सहकार्य असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावे लागते. एआय साधनाची रुग्णांवर चाचणी घेणार असाल, तर पहिला सहभागी घेण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीत त्या चाचणीची नोंद करावी.

मंजुरीपत्र हाती आल्यावर त्यात नमूद केलेला संमतीपत्राचा आवृत्ती क्रमांक आणि दिनांक पाहावा. गावात नेलेल्या प्रतींवरही तोच असायला हवा. एक ओळ जरी बदलली, तरी आधी सुधारणा-अर्ज करावा आणि मगच ती प्रत कोणाच्या हाती द्यावी.