वर पठार कोरडं ठाक, खाली नदी भरलेली: सॅं-सिर लापोपीच्या वाटांवर पाणी शोधताना

सॅं-सिर लापोपीला पोचल्यावर सगळे जण पहिला फोटो एकच काढतात. कड्याच्या टोकावर दाटीवाटीनं बसलेली तपकिरी कौलांची घरं, आणि शंभरेक मीटर खाली संथ वळण घेत जाणारी हिरवी लॉत नदी. गाव दक्षिण फ्रान्समधल्या काओर शहराच्या पूर्वेला, साधारण 25 किलोमीटरवर आहे, जिल्ह्याचं नाव पण लॉतच. 2012 मध्ये टीव्हीवरच्या मतदानात फ्रान्समधल्या लोकांनी याला आपलं सगळ्यात आवडतं गाव म्हणून निवडलं, त्यामुळे उन्हाळ्यात गल्ल्यांमध्ये चिक्कार गर्दी असते. पण गाव सोडून मागच्या पठारावर चढलात की अर्ध्या तासात सगळं सामसूम होतं, आणि मग हळूहळू एक गोष्ट जाणवायला लागते, ती म्हणजे इथे पाणीच नाहीये.

म्हणजे बघा, खाली नदी दुथडी भरून वाहतेय, पाऊसही इथे बऱ्यापैकी पडतो, वाळवंट वगैरे नाही, आणि तरी वर दोन-दोन तास चाललं तरी एक ओढा आडवा येत नाही. दरीसारखी दरी लागते, तिच्या तळाशी उतरावं तर नुसता पाचोळा आणि पांढरे दगड. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटतं, कारण आपल्या बसाल्टच्या कातळात टाकं खोदलं की शेकडो वर्षं पाणी धरून ठेवतं. इथला दगड मात्र पाणी धरत नाही, तो पाण्यात विरघळतो. आणि माझ्या मते या अख्ख्या परिसरात फिरताना डोक्यात एकच प्रश्न ठेवावा, की पाणी गेलं कुठे, बाकी सगळं, म्हणजे नदी, गाव, गुहा, अगदी तीस हजार वर्षांपूर्वीची चित्रं सुद्धा, त्या एका प्रश्नाच्या मागे आपोआप येतात.

दगड म्हणजे चुनखडी. सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळात, इथे उथळ आणि उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशी शिंपले, कवचं, चुन्याचा गाळ लाखो वर्षं साचत गेला, दबत गेला आणि त्याचे जाड थर झाले. नंतर समुद्र मागे हटला, जमीन वर आली. आता या पठारांना स्थानिक भाषेत 'कोस' म्हणतात (आपला अंतर मोजायचा कोस वेगळा, पण ऐकताना मजा वाटते). गावाच्या दक्षिणेला लिमोन्यचा कोस, उत्तरेला 'ग्रामा'चा कोस, आणि हा सगळा भाग 2017 पासून युनेस्कोचा ग्लोबल जिओपार्क आहे.

नदीची वळणं बघायला गावाच्या वरच्या खडकावर चढा, जिथे पूर्वी किल्ला होता. तिथून स्पष्ट दिसतं की ज्या बाजूला आपण उभे आहोत तिकडे उभा कडा आणि समोरच्या बाजूला सपाट शेतं. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाण्याचा जोर जास्त म्हणून ते तिथे खडक कापत जातं, आतल्या बाजूला वेग कमी म्हणून गाळ टाकत जातं. पण खरी गंमत अशी की असली नागमोडी वळणं नदी सहसा सपाट मैदानात घेते, दोन्ही बाजूला खडक असताना नाही. लॉतनं ही वळणं जुन्या काळी घेतली जेव्हा ती बऱ्याच वरच्या, सपाट जमिनीवरून वाहत होती, मग जमीन उचलली गेली आणि नदी आपला रस्ता न सोडता त्याच वळणात खाली-खाली कापत गेली. म्हणजे आज आपण दरी म्हणतो तो नदीचा जुना नकाशा आहे, दगडात कोरलेला. नदीचं जुनं नाव 'ऑल्त', फ्रेंचमध्ये 'ल' जोडून 'लॉल्त' म्हणता म्हणता 'लॉत' झालं.

आता खाली उतरूया, कारण इथली सगळ्यात सुंदर वाट नदीला चिकटून आहे. बूझ्येस गावापासून सॅं-सिर लापोपीपर्यंत तासा-दीड तासाची चाल, लांब पल्ल्याच्या जीआर 36 या वाटेचा हा भाग (पांढऱ्या-लाल पट्ट्यांची खूण बघत जायचं, आणि त्याच दोन रंगांची फुली दिसली की वाट चुकली समजा). या वाटेवर गानिल नावाची जागा आहे जिथे कडा थेट पाण्यात उतरतो, काठच नाही. पूर्वी या नदीतून सपाट तळाच्या होड्या चालायच्या, त्यांना गाबार म्हणत, त्या काओरची गडद वाइन आणि वरच्या भागातला दगडी कोळसा घेऊन बोर्दोकडे जायच्या. जाताना प्रवाह नेतो, पण येताना भरलेली होडी प्रवाहाच्या उलट कोण आणणार? दोरखंड बांधून माणसं किंवा जनावरं काठावरून ओढत आणायची. आणि काठच नसेल तर? म्हणून 1840 च्या दशकात गानिलच्या कड्यात अक्षरशः वाट कोरून काढली. तुम्ही चालता तेव्हा डोक्यावर दगडाचं छप्पर, एका बाजूला दगडाची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडी नदी. हे कोरता आलं कारण चुनखडीचे थर आडवे असतात, मऊसर थरात घण घातला की वरचा भक्कम थर छपरासारखा टिकून राहतो. पुढे 1886 मध्ये दरीतून रेल्वे आली आणि होड्यांचा धंदा हळूहळू संपला. आता एका ठिकाणी भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकारानं नदीतले जीव कोरलेत, तिथे सगळे थांबतात, पण मला तरी जास्त आवडली ती बाकीची साधी भिंत, घणाच्या खुणा असलेली.

वाटेत कड्याच्या तळाशी कुठेकुठे ओल दिसते, शेवाळ, कधी दगडातून झिरपणारं पाणी. पठारावरचं हरवलेलं पाणी शेवटी इथेच कुठेतरी खाली येतं.

त्याचा प्रवास असा. पाऊस पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, पण खरं काम मातीत होतं. मातीत झाडांची मुळं आणि जिवाणू श्वास घेत असतात, त्यामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटीनं जास्त असतो. पाणी त्यातून झिरपताना सौम्य कार्बोनिक ॲसिड बनतं, सोडा वॉटरसारखंच, फक्त फारच पातळ. चुनखडीवर मात्र तेवढं पुरतं. केसाएवढ्या फटीतून ते आत शिरतं, फटीच्या कडा विरघळवतं, फट रुंद होते, अजून पाणी शिरतं, अजून विरघळतं, आणि लाखो वर्षांत फटीचा बोगदा होतो, बोगद्याचं दालन होतं. दालनाचं छत कोसळलं की वर जमिनीत भोक पडतं, याला इथे 'ईग' म्हणतात. सगळ्यात मोठं आणि प्रसिद्ध भोक म्हणजे उत्तरेकडचं पादिराक, तोंड 35 मीटर रुंद, आणि जमिनीपासून 103 मीटर खाली चक्क नदी, जिच्यावर आज पर्यटक होडीतून फिरतात. तिथे 1889 मध्ये पहिल्यांदा शास्त्रीय मोहीम घेऊन उतरला तो एदुआर-आल्फ्रेद मार्तेल, पेशानं वकील आणि मनानं गुहांचा वेडा.

या मार्तेलची एक गोष्ट मला पादिराकपेक्षाही महत्त्वाची वाटते. 1891 मध्ये याच लॉत जिल्ह्यात फिरताना तो आणि त्याचे सोबती एका झऱ्याचं पाणी प्यायले, पाणी स्वच्छ, थंड, नितळ, आणि त्यानंतर चांगलेच आजारी पडले. मग शोध घेतल्यावर कळलं की वर पठारावरच्या एका ईगमध्ये मेलेलं वासरू टाकलेलं होतं आणि ते कुजत होतं. तेव्हा शेतकऱ्यांची ती रीतच होती, जनावर मेलं की भोकात टाकायचं, दिसेनासं झालं म्हणजे विषय संपला. झऱ्याचं पाणी गाळलेलं आणि म्हणून शुद्ध असतं हा लोकांचा पक्का समज होता, आणि वाळूतून झिरपलेल्या पाण्याबाबत तो बऱ्यापैकी खराही आहे, पण चुनखडीत पाणी झिरपत नाही, धावतं, नळातून धावल्यासारखं, मग गाळणार कोण? मार्तेल यावर वर्षानुवर्षं बोलत आणि लिहीत राहिला, आणि 15 फेब्रुवारी 1902 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा भोकांमध्ये मेलेली जनावरं टाकायला बंदी आली. एका वासरावरून कायद्यापर्यंत, अकरा वर्षं!

पाणी कुठून कुठे जातं ते शोधायची पद्धत आजही साधीच आहे, पठारावरच्या भोकात फ्लुओरेसीन नावाचा हिरवा रंग ओतायचा आणि खालचे झरे तपासत बसायचं. काओर शहराला पिण्याचं पाणी देणारा 'शार्त्रचा झरा' असाच, लिमोन्यच्या कोसवर पडलेला पाऊस कित्येक किलोमीटर जमिनीखालून प्रवास करून तिथे नदीकाठी वर येतो. रोमन काळात शहराचं नावच या झऱ्याच्या देवतेवरून पडलं होतं, दिवोना, आणि झऱ्यात त्या काळी लोकांनी वाहिलेली नाणी शेकड्यांनी सापडलीत. आपल्याकडे नदीत नाणं टाकणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पठारावर राहणाऱ्यांनी मात्र पाण्याविना दिवस काढले. मेंढ्यांसाठी खडकातच लहान हौद खोदून पावसाचं पाणी साठवायचे. इथल्या मेंढ्याही बघण्यासारख्या, अंग पांढरं आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, गॉगल घातल्यासारख्या. झाडं म्हणजे बुटके ओक, जुनिपर आणि बॉक्सवुड. बॉक्सवुडचं लाकूड इतकं घट्ट आणि बारीक पोताचं असतं की सॅं-सिर लापोपीचे कारागीर त्याचे वाइनच्या पिंपांचे नळ बनवायचे, म्हणजे खाली होडीतून जाणाऱ्या पिंपाला वरच्या पठारावरचं लाकूड.

बूझ्येसजवळ सेले नावाची छोटी नदी लॉतला मिळते, तिच्या काठानं वर काब्रेरे गावाकडे गेलात की टेकडीत पेश मेर्लची गुहा आहे. 1922 मध्ये आंद्रे दाविद आणि आंरी द्युतेर्त्र ही दोन पोरं, 16 आणि 15 वर्षांची, अंधारात सरपटत आत गेली आणि चित्रांपर्यंत पोचली, गावातल्या आमेदे लेमोझी या पाद्र्यानं त्यांना या शोधांची गोडी लावली होती. आत दोन अबलख घोडे आहेत, पाठीला पाठ लावून, अंगावर काळे ठिपके, भोवती हातांचे ठसे, आणि उजव्या घोड्याचं डोकं खडकाच्याच नैसर्गिक आकारात बसवलेलं. वय सुमारे 29,000 वर्षं.

हे ठिपके घोड्याच्या अंगाबाहेरही आहेत, म्हणून बरेच अभ्यासक म्हणायचे की हे काहीतरी जादू-विधीचं चिन्ह असणार, असे घोडे तेव्हा नव्हतेच. 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी प्राचीन घोड्यांच्या 31 नमुन्यांतला डीएनए तपासला आणि त्यातल्या 6 नमुन्यांमध्ये ठिपक्यांचं जनुक सापडलं, त्यातले चार हिमयुगातले. म्हणजे असे घोडे खरंच होते आणि चित्रकारानं ते पाहिलेले असू शकतात. (या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या घोड्याला रात्री दिसत नाही, मग असा घोडा लांडग्यांच्या राज्यात टिकायचा कसा, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.)

चित्रं टिकली कशी तर त्याचं उत्तरही पाणी आणि चुना. दगड-मातीनं गुहेचं तोंड बंद झालं, आतलं तापमान वर्षभर जवळपास सारखं, ओलावा सारखा. गुहेच्या हवेत आल्यावर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो, यातूनच लवणस्तंभ होतात, पेश मेर्लमध्ये तर गोल मोत्यांसारखे खडेही झालेत. पण माणसाचा श्वासही कार्बन डायऑक्साइड आणि वाफच आणतो, फ्रान्समधलीच प्राचीन चित्रांची लास्को गुहा त्यापायी 1963 मध्ये बंद करावी लागली, म्हणून इथे दिवसाला 700 च्या वर लोक सोडत नाहीत. हात लावायला तर सक्त मनाई. आंद्रे ब्रतों हा कवी 1951 पासून उन्हाळा सॅं-सिर लापोपीत काढायचा, त्याचं घर म्हणजे होडीवाल्यांची जुनी खानावळ, त्यानं 1952 मध्ये पेश मेर्लमधल्या एका मॅमथच्या रेषेवर रंग खरा आहे का बघायला बोट घासलं आणि प्रकरण कोर्टात जाऊन दंड भरावा लागला. मला तो दंड योग्यच वाटतो. वीस-तीस हजार वर्षं टिकलेली रेष होती ती.

गुहेत शेवटी एक गोष्ट नक्की बघा, गाइड दाखवतातच. छतातून एक मूळ खाली आलंय, वरच्या पठारावरच्या ओकचं. दगडाची फट शोधत ते खाली घुसलं, आणि मग मोकळ्या पोकळीतून, मधे कशाचाही आधार नसताना, सरळ गुहेच्या जमिनीपर्यंत उतरलं आणि ओल्या मातीत शिरलं. वर उन्हात तेच झाड उभं आहे, बुटकं, धुळीनं माखलेलं, बाकीच्या ओकसारखंच.