हार्ट फेल्युअर : भारतातील रुग्ण आणि उपचार

शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास हृदय कमी पडू लागते, त्या अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. आधी जिना चढताना, पुढे सपाटीवर चालताना आणि शेवटी आडवे पडल्यावरही दम लागणे, पायांवर सूज येणे, अंगात पाणी साठून वजन झपाट्याने वाढणे ही त्याची नेहमीची लक्षणे. निदानाचा मुख्य आधार टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली हृदयाची तपासणी. डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, म्हणजेच इजेक्शन फ्रॅक्शन किती, हे त्यातून कळते. ते ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर हृदयाचे आकुंचन क्षीण झाले आहे असे मानतात.

भारतातल्या रुग्णांचे पद्धतशीर चित्र उशिरा मिळाले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १८ रुग्णालयांनी २०१३ मध्ये १,२०५ रुग्णांची नोंद केली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय नोंदवहीत देशभरातील ५३ रुग्णालयांमधले सुमारे १०,८५० रुग्ण आले. दोन्हींत सरासरी वय साठीच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींत ते बहुधा सत्तरीच्या पुढे असते. आपल्याकडे हा आजार ऐन कमावत्या वयात किंवा त्याच्या थोड्याच पुढे गाठतो, आणि या आजाराचे प्रमुख कारण कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, धमन्यांचा विकार आहे. राष्ट्रीय नोंदवहीत सुमारे ७२ टक्के रुग्णांना तो होता. मधुमेह आणि उच्च रक्तदाब त्याच्या जोडीला असतात. सुमारे सहा टक्के रुग्णांत मूळ संधिवातज्वराने बिघडलेल्या झडपांमध्ये होते. हे रुग्ण तुलनेने तरुण असतात आणि त्यांना औषधांबरोबर बहुधा फुग्याने झडप रुंदावणे किंवा झडप बदलणे लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल या वैद्यकीय संस्थेत विकसित झालेली भारतीय कृत्रिम झडप १९९० पासून वापरात आहे.

नोंदींमध्ये स्त्रिया जेमतेम ३१ टक्के आहेत. हे आकडे रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचेच आहेत, हे वाचताना विसरू नये.

आकुंचन क्षीण झालेल्या रुग्णांसाठी आज औषधांचे चार गट आधारभूत मानले जातात : पहिला, रक्तवाहिन्या सैल करणारे एसीई इनहिबिटर, एआरबी किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन यांपैकी एक; दुसरा, हृदयाची गती कमी करणारे बीटा ब्लॉकर; तिसरा, स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध; आणि चौथा, डापाग्लिफ्लोझिनसारखे एसजीएलटी-२ इनहिबिटर, जे मुळात मधुमेहाचे औषध आहे. या औषधांनी आयुष्य वाढते. लघवी वाढवणारे औषध सूज आणि दम चटकन उतरवते, म्हणून रुग्णाला तेच खरे औषध वाटते आणि बरे वाटताच बाकीच्या गोळ्या सुटतात. हा गैरसमज फार घातक आहे. दुसरीकडे, ही औषधे लिहूनच दिली जात नाहीत असेही घडते. तिरुवनंतपुरमच्या नोंदीत घरी जाताना पात्र रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यालाच पूर्ण शिफारशीप्रमाणे औषधे मिळाली होती. नंतरच्या राष्ट्रीय नोंदवहीत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेले. तेव्हाच्या शिफारशींत चौथा गट नव्हता.

परिणाम गंभीर आहेत. तिरुवनंतपुरमच्या रुग्णांपैकी जवळपास ३१ टक्के वर्षभरात दगावले, पाच वर्षांत निम्म्याहून अधिक. राष्ट्रीय नोंदवहीत ९० दिवसांतील मृत्यू सुमारे १४ टक्के होते आणि औपचारिक शिक्षण न झालेल्यांना हा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. यामागे केवळ निरक्षरता नसून गरिबी, अंतर आणि तुटलेला पाठपुरावा हेही असावेत, असे मानायला जागा आहे. घरी गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वजन रोज पाहणे, मीठ कमी ठेवणे, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) व पोटॅशियम तपासत औषधांचे डोस हळूहळू वाढवणे, ही कामे तपासणीला परत आल्याशिवाय होत नाहीत.

२०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजना मुख्यतः भरती रुग्णाचा खर्च उचलते. घरी सोडल्यानंतरचे संरक्षण १५ दिवसांचे असते. त्यापुढच्या महिनोन्महिन्यांच्या गोळ्यांसाठी सरकारी बाह्यरुग्ण विभाग, जनऔषधी केंद्र किंवा स्वतःचा खिसा हेच मार्ग उरतात. सीआरटी (हृदयाच्या आकुंचनात मेळ आणणारा पेसमेकर) आणि आयसीडी (ठोके धोकादायक झाल्यास विजेचा झटका देणारे यंत्र) ही शरीरात बसवायची उपकरणे फार थोड्यांना परवडतात. भारतातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. अवयवदानाच्या तुटवड्यामुळे तो पर्याय अजूनही मोजक्यांपुरता आहे.