त्रिकोणाच्या बाजू रेषाखंड, मग कोनाच्या बाजू किरण का?

दोन रेषाखंड टोकाशी जुळले की कोन, तीन जुळले की त्रिकोण, एवढं सगळ्यांनाच पाठ असतं. प्राचीन काळी आपल्याकडे यज्ञवेदी आखणाऱ्यांचं काम अशा व्याख्येविनाच, दोरी-खुंट्यांवर भागत होतं. इसवी सनापूर्वी 300च्या सुमाराच्या ग्रीक ग्रंथात कोन म्हणजे एकमेकींना भेटणाऱ्या, पण एका सरळ रेषेत नसलेल्या दोन रेषांचा कल. त्यामुळे आपला 180 अंशांचा सरळ कोन तिथे कोनच नव्हता, त्याला नुसतं ‘दोन काटकोन’ म्हणत.

घोळ झाला तो पुढच्या काटेकोरपणाने. 1899 मध्ये जर्मनीत भूमितीची गृहीतकं नव्याने मांडली गेली आणि कोन ही एका बिंदूतून निघणाऱ्या दोन किरणांची, म्हणजे एकाच बाजूला न संपता जाणाऱ्या रेषांची, जोडी ठरली. बाजू कितीही लांबवली तरी कोन बदलत नाही, तेव्हा किरण घेणं तर्काला धरूनच होतं. 1957 मध्ये सोव्हिएत उपग्रह उडाला, अमेरिकेने घाईघाईने शालेय गणित बदलायला घेतलं आणि हीच व्याख्या संचांच्या भाषेत वर्गात उतरली: कोन म्हणजे दोन किरणांचा संयोग संच, म्हणजे दोन्हींवरचे सगळे बिंदू मिळून. त्रिकोण मात्र तीन रेषाखंडांचा संयोग. झालं! त्रिकोणाचा कोन त्रिकोणातच मावेना, कारण त्याचे किरण शिरोबिंदूंच्या पलीकडे धावत सुटलेले. मग ‘त्रिकोणाने निश्चित केलेले कोन’ अशी सारवासारव आली. बारा वर्षांच्या मुलाला या भानगडीत पाडण्याची खरंच गरज होती का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

संचांचा तो सोस पुढे ओसरला, पण खुणा राहिल्या. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत शून्य कोन आणि पूर्ण कोन वेगळे शिकवतात. नुसते किरण पाहिले तर दोन्हीकडे एकावर एक बसलेले तेच दोन किरण दिसतात. फरक पडतो तो किरण किती फिरला यामुळे. रेषाखंड ‘एकरूप’ आणि त्यांच्या लांब्या ‘समान’ हा भेदही आपल्याकडे टिकून आहे. रेषाखंडाच्या नावाआधी ‘रेख’ लिहायचं राहिलं की लाल शाई ठरलेलीच. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या पुस्तकाने मात्र रेषा, किरण, रेषाखंड आणि लांबी या चौघांसाठी एकच खूण वापरू, अर्थ संदर्भाने कळेल, असं सरळ सांगून टाकलं. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. अकरावीत त्रिकोणमिती सुरू झाली की किरण पुन्हा येतात, या वेळी क्रमित जोडी म्हणून, म्हणजे पहिला किरण कोणता आणि दुसरा कोणता हे ठरवून: पहिल्यापासून दुसऱ्याकडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलं की कोन ऋण.