लाकडाच्या चिप्स मातीतला नायट्रोजन खातात?

फुलझाडांच्या वाफ्यात लाकडाच्या चिप्सचं आच्छादन घातलं की मातीतला नायट्रोजन संपतो आणि झाडं पिवळी पडतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. लाकूड कुजवणारे सूक्ष्मजीव नायट्रोजन ओढतात, पण चिप्स नुसत्या वर पसरल्या असतील तर ही ओढाताण मातीच्या अगदी वरच्या पातळ थरापुरतीच राहते. रुजलेल्या झाडांची बहुतेक मुळं त्याखाली असतात. चिप्स मातीत कालवल्या तर मात्र झाडं खरोखर उपाशी राहतात. म्हणून नवा थर देताना जुना खणून मिसळू नका, दाताळ्याने मोकळा करा. तो काढून फेकायचीही गरज नाही (कुजलेला भाग म्हणजे आयतं खतच). जुना-नवा मिळून 5 ते 8 सेंटिमीटर पुरे, खोडापासून जरा लांब. नुकतंच बी पेरलेल्या वाफ्यात मात्र चिप्स नकोतच.