चंद्राचे छायाचित्रण : एक्सपोजरची निवड

चंद्राचा फोटो घेताना अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) यांचा मेळ घालण्याची रीत. नवख्याची चूक ठरलेली: आकाश काळे दिसते म्हणून तो रात्रीचे सेटिंग लावतो. चंद्रावर तेव्हा लख्ख ऊन पडलेले असते. टिपायचा असतो तो उन्हातला दगड. तोही चांगलाच सावळा. पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के तो परत पाठवतो, आणि त्यावरचे डाग बेसाल्टचे आहेत, म्हणजे इंदूर ज्या माळवा पठारावर वसले आहे त्याच जातीच्या काळ्या पाषाणाचे.

उन्हातल्या वस्तूसाठी एफ/१६ (हा अ‍ॅपर्चरचा आकडा; तो लहान तितके छिद्र मोठे) आणि आयएसओच्या आकड्याइतका शटर (आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद) हा जुना ठोकताळा. पौर्णिमेच्या चंद्राला एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त उघडून एफ/११ ठेवतात. याला ‘लूनी ११’ म्हणतात. कॅमेऱ्यावर सोडले तर त्यातला प्रकाश मोजणारा मीटर भोवतालचा अंधारही हिशेबात धरतो आणि कोजागरीचा चंद्र दुधाच्या वाटीसारखा कोरा पांढरा येतो. म्हणून मॅन्युअल मोड, नाहीतर स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणे. मोबाइलवर चंद्रावर बोट टेकवून उजेड खाली ओढावा.

कला बदलली की गणित बदलते. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असेल असे वाटते, पण तो सुमारे दहावा भागच भरतो. तिरप्या उन्हात डोंगर-विवरांच्या सावल्या लांबतात. तेव्हा शटर-आयएसओ तेच ठेवून एफ/५.६ लागतो. विवरे मात्र याच सावल्यांमुळे उठून दिसतात, त्यामुळे जाणकार पौर्णिमेपेक्षा अष्टमीची वाट पाहतात. भाऊबीजेच्या कोरीला एफ/४. कोरीच्या पोटातला अंधुक पृथ्वीप्रकाश (पृथ्वीवरून परतून चंद्रावर पडलेला उजेड) हवा असेल तर एक्सपोजर सेकंदांत जाते आणि कोर जळते, म्हणजे पांढरीफटक येते. शिवाय ४०० मिमी लेन्सवर सेकंदभरातही चंद्र सरकून कडा पुसट होतात. एवढ्या लेन्सनेही सेन्सरवर त्याचे बिंब साडेतीन मिलिमीटरच्या आसपासच भरते.

संकष्टीचा चंद्र एफ/८ वर बसतो, पण उगवतीला नाही. क्षितिजावरची धूळ आणि हवेचा जाड थर त्याला लालसर, मंद करतात. एक-दोन स्टॉप वाढवावे किंवा तासभर थांबावे. (उपास सोडून पुन्हा गच्चीवर यायला हरकत नसते.) इंदुरातून फोटो घेत असाल तर चंद्रोदयाची वेळ इंदूरचीच पाहावी, पुण्याच्या पूर्वेला दोन अंश असल्याने रेखांशामुळेच सुमारे आठ मिनिटांचा फरक पडतो. हिवाळ्यातल्या पौर्णिमेचा चंद्र येथे मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर येतो. हवेचा थर तेव्हा सर्वांत पातळ असतो, मान मात्र अवघडते.

इंदूरचा राजवाडा किंवा कृष्णपुऱ्याच्या छत्र्या चंद्रासोबत हव्या असतील तर रात्री एका एक्सपोजरमध्ये दोन्ही साधत नाहीत. शुक्ल चतुर्दशीच्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो. संधिप्रकाशात वास्तू आणि चंद्र यांचा उजेड काही मिनिटे जुळतो.

खग्रास ग्रहणात हे सारे ठोकताळे मोडतात. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून दिसलेल्या ग्रहणाची खग्रास स्थिती ८२ मिनिटे होती. अशा तांबड्या चंद्राला आयएसओ १६००, एफ/५.६ आणि सुमारे एक सेकंद येथून सुरुवात करून पडद्यावर पाहत पुढे जातात.