हाड कापायचं, पण भाजायचं नाही

हनुवटी पुढे आणण्याची शस्त्रक्रिया म्हटलं की लोकांना सौंदर्याची हौस आठवते. पण ज्याची हनुवटी इतकी मागे असते की ओठ सहज मिटत नाहीत, अशा माणसाला विचारा. चेहरा कसा दिसणार हा पुढचा प्रश्न. आधी हनुवटीच्या हाडाचा कापून पुढे सरकवलेला तुकडा जगला पाहिजे, मग तो जुळून आला पाहिजे.

ओटो होफर यांनी १९४२ साली खालच्या जबड्याचा पुढचा भाग आडवा कापून सरकवण्याची कल्पना मांडली, ती मृतदेहावर. तेव्हा वाट बाहेरून, कातडी कापून होती. १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी तोंडाच्या आतून जाण्याची पद्धत दिली आणि चेहऱ्यावरचा व्रण टळला. आजही क्रम बराचसा तोच आहे. खालच्या ओठाच्या आत छेद घेतात. हाड उघडं पडलं की आधी त्यावर मधोमध एक उभी खूण कोरतात, कारण तुकडा सुटल्यावर मध्य कुठे होता ते नजरेने कळत नाही. मग करवत आडवी चालते, तीही ओठाला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या छिद्रापासून काही मिलिमीटर खाली. मज्जातंतू बाहेर पडण्याआधी हाडात थोडा खाली वळसा घेतो, म्हणून हे अंतर राखावं लागतं.

तुकड्याच्या मागच्या बाजूचे स्नायू मात्र सोडवत नाहीत. त्यांच्यातूनच त्याला रक्त मिळतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम बेल यांनी माकडांच्या वरच्या जबड्यावर प्रयोग करून दाखवलं, की मऊ ऊतींना धरून राहिलेलं हाड कापल्यावरही जगतं. जबड्याच्या शस्त्रक्रियेला खरा धीर आला तो इथून. पुढे १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये मिशेले आणि शांपी यांनी छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंची पद्धत रुळवली. तारेने बांधलेल्या तुकड्यापेक्षा पट्टीने धरलेला तुकडा कमी हलतो, आणि न हलणारं हाड नीट जुळतं.

राहिली उष्णता. १९८३ मध्ये स्वीडनमधल्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशाच्या नडगीत निरीक्षणाची खिडकी बसवली आणि हाड तापवून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. ४७ अंश सेल्सिअस, एक मिनिट, एवढ्यानेच हाडाची झीज सुरू झाली. आंघोळीच्या कडक पाण्यापेक्षा हे फार जास्त नाही! करवतीवर सलाइनची धार सतत सोडतात ती म्हणूनच.

करवतीऐवजी लेझरने हाड कापायचं, तर त्याचा सगळा झगडा याच ४७ अंशांशी आहे. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर घडवला. पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून अमेरिकेला गेले; मराठी मुलखाला याचा अभिमान वाटायला हवा. त्यांच्या लेझरचा १०.६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) तरंगलांबीचा किरण ऊतींमधलं पाणी शोषून घेतं, म्हणून मऊ भाग कापायला तो उत्तम ठरला. हाडावर मात्र तो अखंड सोडला की कडा काळ्या पडत. कोळसा झालेली कड जुळून यायला वेळ लावते.

वाट काढली ती एर्बियम-याग या स्फटिकाच्या लेझरने. त्याची तरंगलांबी २.९४ मायक्रॉन, आणि पाणी नेमका तिथेच प्रकाश सर्वाधिक शोषतं. एक स्पंद सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागाएवढा. तेवढ्यात हाडातलं पाणी स्फोटासारखं वाफ होऊन बारीक कण उडवतं आणि उष्णता खोल झिरपण्याआधीच संपतं. पण हा किरण साध्या काचतंतूतून जात नाही. सांध्यांवर आरसे बसवलेला हात किंवा वेगळ्या काचेचे तंतू वापरावे लागले, आणि किरण तोंडाच्या आत पोचवणं हीच मोठी अडचण होऊन बसली. करवतीच्या मानाने वेगही कमी, आणि काप किती खोल गेला ते हाताला जाणवत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या एका गटाने म्हणून लेझर रोबोच्या हाती दिला आणि वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेत वापरून पाहिला.

लेझरची दुसरी शाखा कापतच नाही. १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांना दिसलं, की मंद माणिक लेझर दिलेल्या उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर केस लवकर उगवतात. तिथून जखमा आणि पुढे हाडं भरून येण्यासाठी मंद लेझर देण्याची पद्धत निघाली. प्राण्यांवरचे निष्कर्ष आशादायक आहेत. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र तरंगलांबी आणि मात्रा इतक्या वेगवेगळ्या, की त्यांची तुलना जुळत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : हनुवटीच्या शस्त्रक्रियेनंतर कुणी लेझरच्या बैठका सुचवल्या तर तरंगलांबी आणि मात्रा विचारा, आणि पहिले सहा आठवडे मऊ जेवण आणि तंबाखू बंद, हे त्याआधी पाळा.